आरोग्य केंद्रांतील पाणी व स्वच्छताविषयक संशोधन साहित्याचा शोध : एक विवेचन

प्रस्तावना :
मौदा हे नागपूर-भंडारा मार्गावरील, कन्हान नदीकाठचे तालुक्याचे ठिकाण होय. अशा तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रसूतीसाठी आलेल्या स्त्रीस नळाचे पाणी, हात धुण्यास साबण आणि वापरण्याजोगे शौचालय मिळते काय, हा प्रश्न वरवर पाहता प्रशासनाचा वाटतो. वास्तविक तो संशोधनाचाही आहे. व्हिएन्ना येथील प्रसूतिगृहात सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये क्लोरिनयुक्त द्रावणाने हात धुण्याची सक्ती केली, तेव्हा एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेले मातामृत्यूचे प्रमाण जूनमध्ये सुमारे २ टक्क्यांवर आले. तेव्हापासून या विषयावर विपुल लेखन झालेले आहे. तरीही अनेक लघुशोधप्रबंधांच्या पूर्वसाहित्याच्या प्रकरणात ‘या विषयावर फारसे संशोधन झालेले नाही’ हे वाक्य आढळते. बहुधा संशोधन झालेले असते. शोध झालेला नसतो.

शब्दांची निवड :
संगणकास विषय कळत नाही, शब्द कळतात. ‘नागपूर’ आणि ‘पाणी’ एवढेच शब्द दिल्यास नागनदीचे प्रदूषण, भूजल, शहराचा पाणीपुरवठा असे लेख पुढे येतात. प्रसूतिकक्षातील नळ त्यात सापडत नाही. ‘रुग्णालय’ आणि ‘सांडपाणी’ हे शब्द दिल्यास प्रतिजैविकांच्या अवशेषांवरील लेख येतात. तो विषय महत्त्वाचा असला तरी वेगळा आहे. पाणी, शौचव्यवस्था व आरोग्यविषयक स्वच्छता यांसाठी जगभर ‘वॉश’ हे इंग्रजी संक्षिप्त रूप रूढ झाले आहे. परंतु केवळ तेच दिले तर गुळण्यांच्या औषधापासून प्रयोगशाळेतील धुण्याच्या क्रियेपर्यंत सर्व काही हाती येते.

म्हणून प्रश्नाचे तीन भाग करणे इष्ट ठरते : स्थळ, सुविधा आणि प्रदेश. प्रत्येक भागातील समानार्थी शब्द ‘ऑर’ने व तिन्ही भाग परस्परांशी ‘अँड’ने जोडावेत. स्थळाच्या बाबतीत भारतीय अभ्यासकाची विशेष अडचण होते, कारण संस्थांची नावेच बदलत गेली. उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे २०१८ पासून ‘आरोग्य व कल्याण केंद्र’ म्हणून विकसित होऊ लागली आणि २०२३ मध्ये त्यांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हे नाव मिळाले. एकच नाव घेऊन शोधणाऱ्यास एकाच कालखंडाचे साहित्य मिळते. ‘सेंटर’ या इंग्रजी शब्दाची ब्रिटिश व अमेरिकन अशी दोन्ही वर्णलेखने द्यावीत, ही बाब क्षुल्लक वाटली तरी तीमुळे लेख निसटतात. जुन्या अहवालांत ‘लॅट्रिन’ असते, नव्यांत ‘टॉयलेट’ किंवा ‘सॅनिटेशन’.

पबमेड या सूचीत ‘मेश’ नावाची नियंत्रित शब्दावली आहे. तिचा उपयोग अवश्य करावा, पण तीवरच विसंबू नये. पबमेडमधील सर्वच लेखांना मेशचे शब्द जोडलेले नसतात आणि काही भारतीय नियतकालिकांतील लेख अशांपैकी असतात. मेशचे शब्द व शीर्षक-सारांशातील साधे शब्द असा दुहेरी शोध घेणे अधिक सुरक्षित. शोधगंगा या प्रबंधसंग्रहात ‘शौचालय’, ‘स्वच्छतागृह’, ‘प्रसाधनगृह’ असे निरनिराळे शब्द देवनागरीत व रोमन लिपीतही देऊन पाहावेत.

नियतकालिकांबाहेरील साहित्य :
ग्रामीण आरोग्य संस्थांविषयीची बरीचशी माहिती संशोधनपत्रिकांत येतच नाही. केंद्र शासनाच्या ‘ग्रामीण आरोग्य सांख्यिकी’ या वार्षिक प्रकाशनात नियमित पाणीपुरवठा नसलेल्या उपकेंद्रांची व प्राथमिक आरोग्य केंद्रांची राज्यनिहाय संख्या दिलेली असे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २००७-०८ मध्ये घेतलेल्या जिल्हास्तरीय सर्वेक्षणाच्या तिसऱ्या फेरीत आरोग्य संस्थांचीही पाहणी झाली होती. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘कायाकल्प’ योजनेतील गुणांकन हाही एक स्रोत आहे. मात्र ते पुरस्कारासाठीचे मूल्यमापन असल्याने सावधपणे वाचावे लागते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल ग्रंथालयात बहुधा वाणिज्य विभागाच्या कपाटात असतात, आणि आरोग्याचा अभ्यासक तिकडे फिरकत नाही.

आकडे मिळाल्यानंतर :
जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या २०१५ च्या अहवालात ५४ देशांच्या माहितीच्या आधारे ३८ टक्के आरोग्य संस्थांत पाण्याची प्राथमिक सोयही नसल्याचे नमूद आहे. २०१९ च्या अहवालानुसार सुमारे चौथ्या भागातील संस्थांना मूलभूत पाणीसेवा नव्हती. हे दोन आकडे शेजारी मांडून ‘चार वर्षांत सुधारणा झाली’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो चुकीचा आहे. पहिल्या अहवालात आवारापासून ५०० मीटरपर्यंतचा स्रोतही ग्राह्य होता, तर दुसऱ्यात सुरक्षित स्रोताचे पाणी आवारातच व प्रत्यक्ष उपलब्ध असणे अपेक्षित होते. शिवाय देशांचा संचही तोच नव्हता. हातपंप रस्त्यापलीकडे असलेले एखादे उपकेंद्र पहिल्या व्याख्येत उत्तीर्ण, दुसऱ्या व्याख्येत अनुत्तीर्ण ठरेल. बाळंतिणीच्या दृष्टीने दुसरी व्याख्याच खरी.

यास्तव प्रत्येक नोंदीसमोर व्याख्या, पाहणीचे वर्ष आणि माहिती निरीक्षणातून मिळाली की कर्मचाऱ्यांना विचारून, हे लिहून ठेवावे. शोधाचा दिनांक, वापरलेली शब्दरचना व मिळालेल्या नोंदींची संख्याही जपावी. ‘संशोधन आढळले नाही’ असे लिहिण्याची वेळ आलीच, तर कोठे, केव्हा आणि कोणत्या शब्दांनी शोधले असता आढळले नाही, हे मार्गदर्शकाने विद्यार्थ्याकडून त्याच पृष्ठावर लिहून घ्यावे.