टॉर्च घेताना : लुमेन किती, तास किती?

टॉर्चच्या खोक्यावरचा लुमेनचा आकडा आधी नजरेत भरतो. लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो किती वेळ टिकेल, हे मात्र बॅटरीतली ऊर्जा ठरवते.

हिशेब सोपा आहे. १८६५० आकाराच्या चांगल्या लिथियम-आयन सेलमध्ये सुमारे १२ वॉट-तास ऊर्जा मावते. टॉर्चमधला पांढरा एलईडी एका वॉटला ढोबळमानाने १०० लुमेन देतो. म्हणजे १००० लुमेनला १० वॉट लागतात आणि सेल जेमतेम सव्वा तास पुरतो. १०० लुमेनवर तोच सेल बारा तास चालतो. शिवाय पूर्ण ताकदीवर एलईडी तापतो, त्याची कार्यक्षमता घटते. म्हणूनच अनेक टॉर्च काही मिनिटांत प्रकाश आपोआप उतरवतात.

बरं, दहापट लुमेन डोळ्यांना दहापट वाटतही नाहीत. उजेड दुप्पट भासायला प्रकाश साधारण चौपट लागतो. झोत तसाच ठेवून दुप्पट अंतरावरची वस्तू तितकीच उजळायची, तरी चौपटच.

खोक्यावरच्या तासांतही मेख आहे. ‘एएनएसआय एफएल-१’ या अमेरिकी मानकात, प्रकाश सुरुवातीच्या १० टक्क्यांवर घसरेपर्यंतचा सगळा वेळ धरला जातो. छापलेले तास पूर्ण उजेडाचे नसतात.

वीज गेल्यावर घरात ५० लुमेन पुरतात, रात्रीच्या पायवाटेला १०० ते २००. तेव्हा कमाल लुमेनला भुलू नका. तीन-चार पायऱ्यांचा टॉर्च निवडा, मधल्या पायरीवरचे तास वाचा आणि लांबच्या वाटेवर एक भरलेला सेल जवळ ठेवा.