कॅमेरा लावलात, पण नेमकी चोराची रात्र त्यात राहील का?



१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, इंजिनं आणि जाळी खोपीत. मागच्या पंधरवड्यात आपल्या एका सभासदाच्या खोपीतून आउटबोर्ड इंजिन गेलं. कॅमेरा होता, चालूही होता. पण घरची माणसं गावी गेलेली, चोरी कळली पाचव्या दिवशी. तोवर त्या रात्रीचं रेकॉर्डिंग कार्डावरून पुसलं गेलं होतं. पोलिसांना दाखवायला काहीच उरलं नाही.

असं का झालं? कॅमेरा २४ तास रेकॉर्ड करत होता. सेकंदाला २ मेगाबिट धरले तरी दिवसाला २१ जीबीच्या आसपास जागा लागते. म्हणजे ६४ जीबीचं कार्ड तीन दिवसांत भरतं. मग कॅमेरा जुनं पुसून त्यावर नवं चढवतो.

यावर उपाय बहुतेक कॅमेऱ्यांत आधीच असतो, तो म्हणजे मोशन डिटेक्शन. कॅमेरा आधीचं आणि आताचं चित्र ताडून बघतो. पुरेसा फरक दिसला तरच रेकॉर्डिंग सुरू होतं. रात्रभर काही हललं नाही तर कार्ड भरत नाही, आणि तेच कार्ड कितीतरी जास्त दिवस पुरतं.

पण कॅमेऱ्याला चोर आणि माडाची झावळी यातला फरक कळत नाही, त्याला फक्त हालचाल दिसते. पाऊस, गाडीचे दिवे, काचेवरचं कोळ्याचं जाळं, रात्री कॅमेऱ्याजवळ येणारे किडे, सगळ्यानेच तो जागा होतो. मग मोबाईल सारखा वाजतो, आणि आपण वैतागून सूचनाच बंद करून टाकतो. म्हणून ॲपमध्ये एवढं करा:

१. क्षेत्र ठरवा. खोपीचं दार आणि वाट तेवढी निवडा. माड आणि रस्ता वगळा.

२. संवेदनशीलता मध्यम ठेवा. फार कमी केली तर लांबचा माणूस चित्रात लहान दिसतो आणि सुटतो.

३. माणूस ओळखण्याची सोय असेल तर ती चालू करा.

४. हालचालीच्या आधीचे ५ सेकंद आणि नंतरचे ३० सेकंद घेण्याची सोय असेल तर तीही लावा. नाहीतर चोराची पाठच दिसेल.

५. तारीख-वेळ बरोबर आहे का बघा. पासवर्ड बदला.

बॅटरीवरचे कॅमेरे बहुधा अंगाची उष्णता ओळखून जागे होतात. माणूस समोरून चालत येण्यापेक्षा आडवा गेला तर त्यांना लवकर कळतं. ते तसे बसवा.

खाऱ्या वाऱ्याने काच धुरकट होते. गोड्या पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने ती अधूनमधून पुसा. कॅमेऱ्याचं तोंड शेजाऱ्याच्या पडवीकडे किंवा न्हाणीकडे नको. त्यावरून भांडणं होतात.

शेवटी परीक्षा घ्या. रात्री दिवे मालवून एकाने खोपीपर्यंत चालत जावं, दुसऱ्याने मोबाईल बघावा. चेहरा दिसला तर काम झालं. आणि काही घडलंच तर त्याच दिवशी क्लिप मोबाईलवर उतरवून घ्या, मग पोलिसात जा.

ज्यांना सेटिंग जमत नाही त्यांनी संध्याकाळी मोबाईल घेऊन कार्यालयात या. बसून करून देऊ.

– सचिव