आई-वडिलांचे खुब्याचे सांधारोपण आणि घराची पूर्वतयारी

प्रस्तावना : खुब्याचा झिजलेला सांधा काढून कृत्रिम सांधा बसविण्याच्या शस्त्रक्रियेस इंग्लंडमधील जॉन चार्नली यांनी १९६२ च्या सुमारास आधुनिक रूप दिले. आज कोल्हापुरातही ती केली जाते. तथापि येथील अनेक घरांत बैठक जमिनीवरचीच आहे. पाटावरचे जेवण, मांडी घालून देवपूजा, उकिडवे बसण्याचे शौचकूप या सवयींत खुबा काटकोनापलीकडे वाकतो व नवा सांधा निखळण्याचा धोका संभवतो. म्हणून घराची तयारी शस्त्रक्रियेपूर्वीच व्हावयास हवी.

पूर्वतयारी : उंच कमोड, भिंतीस आधारदांडी, हातांची उंच खुर्ची व शक्यतो तळमजल्यावर पलंग यांची सोय करावी. पाय अडखळेल अशी सतरंजी, पायपुसणी उचलावीत. रक्तशर्करा नियंत्रणात आणावी. तंबाखू व मिश्री बंद करावी. त्यामुळे जखम भरण्यास विलंब होतो.

शस्त्रक्रियेनंतर : रुग्णाने पायावर पाय टाकू नये, वाकून वस्तू उचलू नये. जिना चढताना निरोगी पाय, उतरताना शस्त्रक्रिया झालेला पाय प्रथम टाकावा. हे निर्बंध किती काळ पाळावयाचे ते शल्यचिकित्सकांना विचारावे. पोटरीस सूज, धाप, ताप अथवा जखमेतून स्राव आढळल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

समारोप : आईने एकटीने टेबलावर व इतरांनी पाटावर जेवावे, ही व्यवस्था सुरक्षित असली तरी तिला पंगतीबाहेर काढणारी ठरते. काही महिने सर्वांनीच टेबलाशी बसणे, हाही शुश्रूषेचाच भाग होय.