रात्रपाळीचा नवा डॉक्टर

महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालं की वर्षभर बंधपत्रावर शासकीय सेवा करावी लागते. नेमणूक देगलूरकडे निघाली, तर वॉर्डातले सोबती मागेच राहतात. रात्री दोनला सर्पदंशाचा रुग्ण येतो. पापण्या मिटत चाललेल्या. प्रतिविष लगेच सुरू करायचं, हे पुस्तकात असतं. श्वास मंदावायच्या आत सुमारे ८० किलोमीटरवरच्या नांदेडला कधी हलवायचं, तेलुगूमिश्रित मराठी बोलणाऱ्या नातेवाइकांना काय सांगायचं, हे वर्षभर आधी आलेला डॉक्टरच सांगू शकतो.

असा सोबती रीतसर नेमून द्यावा, हा ‘पीअर मेंटॉरिंग’चा गाभा. तो साहेब नसावा. गोपनीय अहवाल लिहिणाऱ्यापुढे “झोप लागत नाही” असं कोण कबूल करील?

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यगटाच्या २०२४च्या ऑनलाइन सर्वेक्षणात २७.८ टक्के एमबीबीएस विद्यार्थ्यांनी मानसिक आजार असल्याचं नोंदवलं. निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांहून जास्त काम नको, अशी शिफारसही त्याच गटाची. ७४ हाही आकडा थोडका नव्हेच! ड्युटीचं वेळापत्रक मात्र सोबत्याच्या हातात नसतं, आणि तो मानसोपचारतज्ज्ञही नव्हे. जगणं नकोसं वाटतंय असं कोणी बोललं, तर त्याला एकटं न सोडता तज्ज्ञाकडे न्यावं. टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रीही चालू असतो.