एक्स्पान्शन जॉइंट सीलिंग: कमी भांडवलाचं काम, पण आधी हे गणित शिका



सोसायटीच्या गच्चीवर दोन विंगच्या मधोमध एक सरळ फट जाते, ती तुम्ही पाहिली असेल. त्यातूनच पावसाळ्यात पाणी खाली जिन्यात आणि पार्किंगमध्ये उतरतं. मग कोणीतरी येतं, सिमेंट-वाळू भरून फट बुजवतं आणि पैसे घेऊन जातं. पुढच्या पावसात गळती पुन्हा तिथेच!

हे काम नीट करणाऱ्याला मागणी आहे. सुरुवातीला लागतं काय? सीलंट गन, ग्राइंडर, ब्लोअर, वायर ब्रश, मास्किंग टेप आणि दोन माणसं. पण नफा टिकतो तो एकाच गोष्टीवर: तुम्हाला परत फुकट जावं लागतं की नाही.

फट का ठेवलेली असते?

काँक्रीट उन्हात वाढतं आणि थंडीत आकसतं. साधारण हिशोब असा: 1 मीटर काँक्रीट 1 अंश सेल्सिअसला सुमारे 0.01 मिलिमीटर हलतं. ऐकायला किरकोळ वाटतं ना? आता 45 मीटर लांबीचा स्लॅब घ्या आणि तापमानात 20 अंशांचा फरक धरा. 45 × 20 × 0.01 म्हणजे 9 मिलिमीटर! आयएस 456 या भारतीय मानकातही 45 मीटरपेक्षा लांब बांधकामाला असा सांधा द्यायला सांगितलंय.

म्हणजे ही फट चुकून राहिलेली नाही, मुद्दाम ठेवलेली आहे. तिच्यात सिमेंट भरलं की एकतर ते तडकतं किंवा शेजारच्या कडा फुटतात. आपलं काम म्हणजे पाणी अडवायचं, पण हालचाल अडवायची नाही.

भरायचं कसं?

1. जुना माल काढा. जुनं सीलंट, सिमेंट, डांबर सगळं खरवडा. दोन्ही कडा ग्राइंडरने घासा, ब्लोअरने धूळ उडवा. मास्क लावूनच, काँक्रीटची धूळ फुप्फुसाला घातक असते. कडा तुटलेल्या असतील तर आधी दुरुस्त करा. सळई उघडी पडलेली दिसली तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवायला सांगा, वरून झाकू नका.

2. बॅकर रॉड बसवा. ही फोमची गोल दोरी. फटीपेक्षा साधारण पावपट जाड घ्या, म्हणजे 20 मिमीच्या फटीला 25 मिमीचा रॉड. तो दाबून बसतो आणि सीलंटची खोली ठरवतो. दुसरं काम जास्त महत्त्वाचं: सीलंट तळाला चिकटू देत नाही. सीलंट फक्त दोन बाजूंना धरलेलं असेल तर रबरासारखं ताणतं. तळालाही चिकटलं तर ताणायला वाव मिळत नाही आणि फाटतं.

3. टेप आणि प्रायमर लावा. कडा कोरड्याच हव्यात. प्रायमर किती वेळ सुकू द्यायचा ते मालाच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं, तेवढं थांबा.

4. सीलंट भरा. खोली रुंदीच्या निम्मी, म्हणजे 20 मिमी रुंदीला 10 मिमी. गच्चीसाठी उन्हात टिकणारं पीयू किंवा पॉलिसल्फाइड घ्या. वरून रंग द्यायचा असेल तर साधं सिलिकॉन नको, त्यावर रंग धरत नाही.

एक लक्षात ठेवा: वरून टाइल किंवा प्लास्टर येणार असेल तर फट तिथेही तशीच वरपर्यंत आली पाहिजे.

कधी भरायचं?

बरेच जण इथेच अडकतात. समजा सीलंट 25 टक्के ताण-दाब सहन करणारं आहे. 20 मिमीच्या फटीत म्हणजे 5 मिमी ताण आणि 5 मिमी दाब. मध्यम तापमानाला भरलंत तर आपल्या वरच्या उदाहरणातली 9 मिमीची हालचाल दोन्हीकडे साडेचार-साडेचार वाटली जाते. काम टिकतं.

तेच मे महिन्याच्या भर दुपारी भरलंत तर? तेव्हा फट सगळ्यात अरुंद असते. थंडीत ती पूर्ण 9 मिमी उघडेल, सीलंट तेवढं ताणणार नाही आणि कडेपासून सुटेल. म्हणून पावसाळ्यानंतर स्लॅब पूर्ण वाळला की काम धरा. उन्हाळ्यात करावंच लागलं तर भर दुपार टाळा.

कोटेशन कसं काढायचं?

20 × 10 मिमीच्या सांध्याला 1 मीटरला 200 मिली सीलंट लागतं. 600 मिलीचं एक सॉसेज पाकीट 3 मीटर जातं, वाया जाणारं धरून 2.7 मीटर मोजा. 50 मीटरला 19 पाकिटं झाली.

आता तीच फट 25 मिमीची निघाली तर? खोली साडेबारा मिमी, म्हणजे मीटरला 312 मिली. रुंदी फक्त 5 मिमीने वाढली आणि माल दीडपटीहून जास्त! म्हणून दर दोन-तीन मीटरवर रुंदी मोजा आणि कोटेशनमध्ये लिहा: "दर 20 मिमी रुंदीपर्यंत, त्यापुढे वेगळा." रॉड, प्रायमर, साफसफाईची मजुरी वेगळी धरा. साफसफाईलाच बहुतेक वेळ जातो.

गोदामाच्या फरशीचं काम वेगळं

भिवंडी, चाकणकडच्या गोदामांत फरशीवर कटरने मारलेल्या बारीक रेषा असतात. ते कंट्रोल जॉइंट. त्यावरून फोर्कलिफ्टची टणक चाकं जातात. मऊ सीलंट खाली दबतं आणि कडा फुटतात. तिथे बॅकर रॉड न घालता पूर्ण खोलीपर्यंत सेमी-रिजिड इपॉक्सी किंवा पॉलियुरिया भरतात. मात्र एक्स्पान्शन जॉइंटला हा टणक माल कधीच वापरू नका.

"सिमेंट भरणारा निम्म्या पैशात करतो," असं ग्राहक म्हणणारच. दर पाडू नका. त्याला 9 मिलिमीटरचं गणित कागदावर करून दाखवा. पहिलं काम लहान घ्या, एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेल्यावर स्वतः जाऊन बघा. तोच सांधा पुढच्या ग्राहकाला दाखवता आला, की दर तुम्ही ठरवाल!