नाव लिहिलेली लूट

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये लढलेला अमेरिकन सैनिक घरी परतला, की त्याच्या सामानात बरेचदा काहीतरी जपानी निघे. तलवार, पिस्तूल, नोटा, नाहीतर घडी घातलेला एक झेंडा. पांढऱ्यावर लाल सूर्य आणि त्याच्याभोवती किरणांसारखी पसरलेली अक्षरं. जपानी मुलगा आघाडीवर निघाला की घरचे, शिक्षक, शेजारी त्या कापडावर आपापली नावं लिहून देत. हा योसेगाकी हिनोमारू. जोडीला सेन्निनबारी, म्हणजे हजार बायकांनी एकेक टाका घातलेला पट्टा. व्याघ्रवर्षात जन्मलेल्या बाईला आपल्या वयाइतके टाके घालायची मुभा होती, कारण वाघ कितीही दूर गेला तरी परत येतो अशी समजूत. अनेक पोरं परत आली नाहीत. त्यांचे झेंडे अमेरिकेतल्या माळ्यांवर जाऊन पडले.

युद्धातली लूट घरी नेताना सैनिकांना अधिकाऱ्याच्या सहीचा कागद मिळे. आज तो कागद सोबत असला की पिस्तुलाची किंमत चढते. संग्राहकांच्या बाजारात खोट्या झेंड्यांचाही सुळसुळाट आहे, म्हणून जुने जाणकार सांगतात: वस्तू विकत घ्या, गोष्ट नको. सल्ला व्यवहाराला चोख आहे. पण वस्तूमागची गोष्ट खरी असेल, तर ती विकत घेणारा कोण?

सगळीच लूट काही निरागस नव्हती. जपानी सैनिकांच्या कवट्याही नेल्या गेल्या. अमेरिकन आरमाराला 1942 मध्येच त्याविरुद्ध हुकूम काढावा लागला होता. युरोपात जो मीडॉर नावाच्या टेक्सासच्या अधिकाऱ्याने क्वेडलिनबुर्ग चर्चचा मध्ययुगीन खजिना चक्क लष्करी टपालाने घरी पाठवला. तो वारल्यावर वारसांनी त्यातल्या वस्तू विकायला काढल्या, तेव्हा चोरी उघड झाली. खजिना परत मिळवायला जर्मनांना लाखो डॉलर मोजावे लागले. म्हणजे चोरीच्या मालाचे पैसे मालकानेच भरले!

याच्या उलट मार्व्हिन स्ट्रॉम्बो. मोंटानाचा हा मरीन 1944 मध्ये सायपान बेटावर तुकडीपासून चुकला असता त्याला झोपल्यासारखा पडलेला एक मृत जपानी सैनिक दिसला. त्याच्याजवळचा झेंडा त्याने घेतला आणि कधीतरी परत करू असं मनाशी ठरवलं. असे झेंडे घरी पोचवणाऱ्या ओरेगॉनमधल्या ओबॉन सोसायटीने सह्यांवरून गाव शोधून काढलं. 2017 मध्ये, त्र्याण्णवाव्या वर्षी, स्ट्रॉम्बो गिफू प्रांतातल्या त्या खेड्यात गेला आणि त्या सैनिकाच्या, म्हणजे सादाओ यासुएच्या, भावंडांच्या हाती झेंडा दिला. मृतदेहाऐवजी सरकारकडून त्यांना आलेल्या पेटीत नुसते दगड होते. ओबॉन सोसायटीच्या केइको झियाक यांच्या आजोबांचा झेंडाही असाच 2007 मध्ये घरी आला होता. तिथूनच हे काम सुरू झालं.

माझं मत सरळ आहे. शिरस्त्राण, पट्ट्याचं बक्कल, संगीन खुशाल जमवावी. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात पाकिस्तानकडून हस्तगत केलेले रणगाडे उभे आहेत, ती राष्ट्राची मिळकत. ज्या कापडावर माणसाचं आणि त्याच्या गावाचं नाव आहे, ते मात्र संग्रहाचं नव्हेच.

आपल्याकडे साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं पलटणीत गेली. पहिल्या महायुद्धातल्या पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. पणजोबांच्या ट्रंकेत असं पदक असेल, तर ते चांदीच्या भावाने मोडीत घालू नका. आधी भिंग घेऊन कड वाचा, फोटो काढा, आणि घरातली थोरली माणसं आहेत तोवर त्यांना विचारून ते कुठून आलं ते लिहून ठेवा.