आधी किर्द, मग खतावणी

वडिलांनी त्याच बँकेतल्या मुलाच्या खात्यावर ५,००० रुपये पाठवले. संगणकासाठी ही दोन कामं आहेत. एका खात्यातून वजा करायचे, दुसऱ्यात जमा करायचे. वजा झाले आणि नेमका तेव्हाच सर्व्हर बंद पडला, तर ते ५,००० कुणाचे?

यावरचं पक्कं उत्तर १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे आयबीएमच्या प्रयोगशाळेत घडत गेलं. तिथे ‘सिस्टम आर’ या डेटाबेसवर जिम ग्रे आणि त्यांचे सहकारी काम करत होते. अनेक नोंदींचा मिळून एक व्यवहार मानायचा. तो झाला तर पुरा, नाहीतर मुळीच नाही, ही कल्पना त्यांनी नीट बांधली. ग्रे यांना पुढे १९९८चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

युक्ती मात्र आपल्या पेढ्यांवरच्या दिवाणजींना नवी वाटली नसती. ते आधी किर्दीत, म्हणजे रोजच्या वहीत, नोंद करत आणि मग ती खतावणीत, म्हणजे खात्यांच्या वहीत, चढवत. डेटाबेसही खात्यातली रक्कम डिस्कवर बदलण्याआधी काय बदलणार आहे ते ‘लॉग’मध्ये लिहितो. ‘व्यवहार पूर्ण’ ही ओळ लॉगमध्ये उमटली आणि डिस्कवर पोहोचली, की मगच ग्राहकाला ‘यशस्वी’ असं सांगायचं. वीज गेली तरी हरकत नाही. यंत्र सुरू झाल्यावर लॉग वाचतं, पूर्ण झालेले व्यवहार पुन्हा चढवतं आणि अर्धवट राहिलेले पुसून टाकतं. ही दुरुस्ती बिनचूक कशी करायची, याची ‘एरीज’ नावाची पद्धत आयबीएममध्येच सी. मोहन आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली मांडली. मोहन हे आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी.

अर्थात डिस्कने खरं बोलायला हवं! लिनक्सवर डिस्कवरचं लिखाण एकदा फसलं, तर दुसऱ्या प्रयत्नात ‘झालं’ असं खोटंच उत्तर येऊ शकतं, हे पोस्टग्रेस डेटाबेसच्या मंडळींच्या लक्षात आलं ते थेट २०१८मध्ये. त्यांनी काढलेला तोडगा धाडसी वाटेल, पण शहाणपणाचा आहे: असं झालं की डेटाबेसने तिथल्या तिथे बंद पडायचं आणि लॉगवरून पुन्हा उभं राहायचं.

गर्दीचा प्रश्न वेगळाच. गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाडीत एकच बर्थ उरला आहे आणि दादर व ठाण्याहून दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं. दोघांनाही ‘एक शिल्लक’ दिसतो. इथे डेटाबेस त्या नोंदीला कुलूप घालतो. पहिल्याचं काम उरकेपर्यंत दुसरा थांबतो आणि मग त्याला शून्य दिसतं. ही शिस्त सगळीकडे कडक ठेवली तर वेग कमी होतो. म्हणून पोस्टग्रेसमध्ये मूळ सेटिंग जरा सैलच असतं; सर्वांत कडक पातळी हवी असेल तर ती प्रोग्रामरने मागून घ्यायची.

एवढी सोय असताना यूपीआयचे पैसे मध्येच अडकतात कसे? कारण ‘सगळं किंवा काहीच नाही’ ही हमी एका डेटाबेसच्या कुंपणापुरती असते. यूपीआयमध्ये पैसे पाठवणाऱ्याची बँक, मधली, यूपीआय चालवणारी एनपीसीआय आणि घेणाऱ्याची बँक अशा वेगवेगळ्या यंत्रणा असतात. संदेश गेला, पण उत्तर वाटेत हरवलं, तर समोर पैसे जमा झाले की नाही हे पहिल्या बँकेला कळत नाही. एटीएमची गत आणखी अवघड. नोटा बाहेर आल्या, की कुठलाही डेटाबेस त्या परत ओढू शकत नाही. अशा वेळी मागाहून हिशेब जुळवणं आणि उलटी नोंद करणं एवढंच हाती राहतं.

त्याला मुदत घालणारा नियम रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९मध्ये काढला. यूपीआयने एखाद्या व्यक्तीला पाठवलेले पैसे खात्यातून गेले, पण समोर पोहोचले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. एटीएममधून नोटा न येताच रक्कम कापली गेली, तर पाच दिवसांत. त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता. तरीही फसलेल्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक आणि तारीख जपून ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर बँक पहिल्यांदा तेच विचारते.